पाच नाके, अठरा नाके

२०२४च्या जानेवारीत अटल सेतू खुला होईपर्यंत मुंबईत मोटारीने शिरायच्या मुख्य वाटा पाचच होत्या : दहिसर, मुलुंडच्या दोन, ऐरोली आणि वाशी. बाकी सगळीकडे समुद्र, खाडी किंवा डोंगर. या पाचही वाटांवर टोलनाके बसवलेले होते. गेल्या शतकाच्या अखेरीस हाती घेतलेल्या ५५ उड्डाणपुलांचा खर्च त्यांतून वसूल व्हायचा. १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून मोटारींना हा टोल माफ झाला. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, आणि नाक्यावरच्या रांगांना लोक विटले होते, हेही खरेच.

माझ्या मते गेला त्या टोलबद्दल हळहळण्यासारखे फारसे नव्हते. तो बांधकामाचा खर्च होता, गर्दीचा नव्हे. रात्री दोन वाजता मोकळ्या रस्त्याने येणाऱ्या मोटारीला ४५ रुपये, आणि सकाळी नऊ वाजता कोंडीत भर घालणाऱ्या मोटारीलाही ४५च.

या दोन मोटारींत फरक केला पाहिजे, हे विल्यम विकरी हा अर्थशास्त्रज्ञ १९५०च्या दशकापासून सांगत होता. (१९९६मध्ये नोबेल जाहीर झाले आणि तीन दिवसांनी तो गेला.) त्याच्या म्हणण्यामागे रस्त्याचा स्वभाव आहे. द्रुतगती मार्गाच्या एका मार्गिकेतून तासाला साधारण १,८०० ते २,००० मोटारी जाऊ शकतात. त्या मर्यादेपर्यंत नवी मोटार आली तरी इतरांना फारसे जाणवत नाही. मर्यादा ओलांडली की मात्र वेग कोसळतो, आणि वेगाबरोबर तासाला पार होणाऱ्या मोटारींची संख्याही घटते. म्हणजे रस्त्याची गरज सर्वांत जास्त असते नेमकी तेव्हाच तो कमी काम करतो. याची दुसरी बाजू आशेची आहे. कोंडी फोडायला निम्मी वाहने हटवावी लागत नाहीत, थोडी हटली तरी पुरते.

स्टॉकहोमने हे करून पाहिले. तेही बेटांवर वसलेले शहर, आत शिरायचे पूल मोजके. ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ असे सात महिने शहराच्या मध्यभागाभोवती १८ ठिकाणी कॅमेरे लावून शुल्क घेतले गेले. ते वेळेप्रमाणे १०, १५ किंवा २० क्रोनर असे. रात्री आणि शनिवार-रविवारी काही नाही. सीमा ओलांडणारी वाहने सुमारे २० टक्क्यांनी घटली, पण रांगांत जाणारा वेळ त्याहून बराच जास्त घटला. प्रयोग संपताच वाहने बव्हंशी परत आली. सप्टेंबरमध्ये सार्वमत झाले. प्रयोगाआधी नाराज असलेल्या शहराने निसटत्या बहुमताने शुल्काच्या बाजूने कौल दिला आणि ऑगस्ट २००७पासून ते कायम झाले. शेजारच्या ज्या नगरपालिकांनी आपापले मतदान घेतले, त्यांतल्या बहुतेकांनी विरोध केला. वसईकर किंवा ठाणेकर काय म्हणतील, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

या प्रयोगातली एक गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. शुल्काच्या चार-पाच महिने आधी, ऑगस्ट २००५मध्ये, स्टॉकहोमने जवळजवळ २०० जादा बस रस्त्यावर आणल्या होत्या. नुसत्या बस वाढल्याने मोटारी घटल्या नाहीत. त्या घटल्या शुल्क लागल्यावर. तरीही बस आधी आणण्यात शहाणपण होते. मोटार घरी ठेवायला सांगायचे, तर दारात दुसरे काही उभे हवे.

मुंबईत घडले ते नेमके उलट. मोटारींचा टोल गेला आणि सात महिन्यांच्या आत, मे २०२५मध्ये, बेस्टचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० झाले. दोन्ही निर्णय वेगवेगळ्या दारांतून आले, पण रस्त्यावर दोन्हींचा परिणाम एकत्रच होतो. लांब बसमध्ये साठ-सत्तर माणसे मावतात आणि ती दोन-तीन मोटारींएवढी जागा घेते. मोटारीत बहुधा एकटादुकटा असतो. जो रस्ता कमी अडवतो त्याचे दाम वाढले, जो जास्त अडवतो त्याचे उतरले.

कोंडीचे शुल्क गरिबांवर अन्याय करील, असा आक्षेप हमखास येतो. लंडन-स्टॉकहोममध्ये त्यावर घनघोर वाद झाले. मुंबईत गरीब माणूस लोकलच्या दारात लोंबकळत असतो किंवा पायी चालतो. मोटारीवरचे शुल्क त्याच्या खिशाला लागत नाही. लागते ते रिक्षा-टॅक्सीवाल्यांना आणि टेम्पोतून भाजी आणणाऱ्यांना, आणि त्यांचा विचार वेगळाच करावा लागेल.

तांत्रिक अडचण तर उरलेलीच नाही. बहुतेक मोटारींच्या काचेवर फास्टॅग चिकटलेला आहे. वेळेनुसार वेगळी रक्कम कापणे त्याला जड नाही. अडचण पैशाच्या वाटेची आहे. नाक्यावरचा टोल राज्य सरकारच्या रस्ते विकास महामंडळाच्या अखत्यारीत होता आणि बेस्ट हा महापालिकेचा उपक्रम. वाशीच्या नाक्यावर घेतलेला रुपया वडाळ्याच्या आगारात पोहोचावा, अशी सोय तो टोल चालू असतानाही नव्हती.