शिरस्त्राणातला आवाज

१९७७ साली प्रदर्शित झालेल्या ‘स्टार वॉर्स’मध्ये डार्थ व्हेडरच्या काळ्या पोशाखात वावरले डेव्हिड प्राउझ, पडद्यावर घुमला तो मात्र जेम्स अर्ल जोन्स यांचा आवाज. श्वासाची ती प्रसिद्ध घरघर बेन बर्ट यांनी पाणबुड्याच्या श्वसनयंत्रात मायक्रोफोन ठेवून ध्वनिमुद्रित केली होती. चित्रपटात हे सारे मागाहून जोडता येते. हौशी वेशधारकाला ते बोलता बोलताच साधावे लागते.

त्यासाठी महागडी सामग्री लागतेच असे नाही. शिक्षक वापरतात तो कमरेला बांधायचा ध्वनिवर्धक, त्याचा डोक्यावरचा मायक्रोफोन आणि मध्ये स्वर खाली आणणारे एखादे छोटे यंत्र, एवढ्यावर भागते. खरी अडचण आहे ती शिट्टीची. स्पीकरचा आवाज मायक्रोफोनने पुन्हा उचलला, की तो फेऱ्यागणिक वाढत जाऊन कर्कश होतो. बंद शिरस्त्राणात तर फारच लवकर. म्हणून स्पीकर आत न बसवता छातीवर, बाहेरच्या बाजूस तोंड करून लावावा आणि मायक्रोफोन ओठांना जवळजवळ टेकवावा. मायक्रोफोन जवळ असला, की ध्वनिवर्धक फार चढवावा लागत नाही.

मोबाइलवरील ॲप स्वस्त पडते खरे, पण त्यात आवाज किंचित उशिरा निघतो आणि स्वतःचेच शब्द मागाहून कानी पडले, की जीभ अडखळते. बिनतारी जोडणीने हा विलंब आणखी वाढतो. तेव्हा वायरच बरी.

बॅटरी चेहऱ्याजवळ नको, कमरेलाच असावी. आत छोटा पंखा मात्र हवाच, कारण कोंडलेल्या उष्ण हवेने भोवळ येऊ शकते. त्याची घरघर मायक्रोफोन उचलतो. व्हेडरला ती शोभूनही दिसेल!