झांबेझी नदीवरील हौशी मासेमारी

झांबेझी नदीवरील हौशी मासेमारी म्हणजे आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील झांबेझी नदीत छंद किंवा क्रीडा म्हणून गळाने केली जाणारी मासेमारी होय. सुमारे २,५७४ किमी लांबीची ही नदी झांबियात उगम पावून अंगोला, नामिबिया, बोट्स्वाना, झिंबाब्वे व मोझांबिक या देशांना स्पर्श करत हिंदी महासागरास मिळते. टायगर फिश हा मासा तेथील गळकऱ्यांचे मुख्य आकर्षण आहे.

टायगर फिश

या माशाचे शास्त्रीय नाव हायड्रोसायनस व्हिटॅटस असे आहे. त्यातील पहिल्या शब्दाचा ग्रीक मुळानुसार अर्थ 'पाण्यातील कुत्रा' असा होतो. अंगावरील काळे आडवे पट्टे आणि एकमेकांत घट्ट बसणारे सुळ्यांसारखे दात ही त्याची ओळख होय. साधा दोर तो सहज तोडतो. म्हणून गळाच्या वर पोलादी तारेचा तुकडा जोडतात. त्याचा जबडा हाडासारखा कठीण असल्याने गळ नीट रुतत नाही आणि पाण्याबाहेर उसळी घेऊन मासा तो झटकून टाकतो. त्यामुळे गळाला लागलेले अनेक मासे हातून निसटतात.

हंगाम

झांबेझीचे खोरे दक्षिण गोलार्धात असल्याने तेथील पावसाळा साधारणपणे नोव्हेंबर ते एप्रिल असतो. मासेमारीचा हंगाम मुख्यतः पुराच्या चढ-उतारावर ठरतो. झांबियाच्या पश्चिमेकडील बारोत्से पूरमैदानात पाणी चढू लागले की लोझी लोकांचा राजा उंच जागी स्थलांतर करतो; हा 'कुओम्बोका' सोहळा प्रसिद्ध आहे. त्या काळात मासेही मैदानभर पसरतात व पाणी गढूळ असते. पूर ओसरताना लहान मासे मुख्य पात्रात परततात आणि त्यांच्या मागावर टायगर फिश येतो. त्यामुळे व्हिक्टोरिया धबधब्याच्या वरच्या भागात जूननंतरचे महिने अनुकूल मानले जातात. मात्र कडक थंडीत मासा काहीसा मंद असतो.

धबधब्याच्या खाली १९५९ मध्ये पूर्ण झालेल्या करिबा धरणाने नदीचा प्रवाह नियंत्रित केला आहे. धरणाखालील भागात पाऊस सुरू होण्यापूर्वीचे सप्टेंबर ते नोव्हेंबर हे उष्ण महिने उत्तम समजले जातात. या भागात झिंबाब्वेतील माना पूल्स आणि समोरच्या काठावर झांबियातील लोअर झांबेझी ही राष्ट्रीय उद्याने आहेत. करिबा जलाशयात टांगानिका सरोवरातून आणून सोडलेला कापेंटा हा लहान मासा टायगर फिशचे महत्त्वाचे खाद्य बनला आहे.

पद्धत व सुरक्षितता

मासेमारी बहुधा होडीतून केली जाते. चमकते धातूचे आमिष, जिवंत वा कापलेला लहान मासा किंवा पिसांची कृत्रिम माशी वापरतात. मगरी व पाणघोडे यांच्यामुळे पाण्यात उतरणे अथवा काठाशी बेसावध उभे राहणे धोक्याचे असते. नदी अनेक ठिकाणी दोन देशांची सीमा असल्याने, ज्या देशाच्या हद्दीत मासे धरायचे त्या देशाचे नियम पाळावे लागतात.

बंदीकाळ व संवर्धन

टायगर फिशची वीण पावसाळ्यात, पुराच्या आरंभी होते. झांबियात डिसेंबरच्या प्रारंभापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बहुतेक जलाशयांत मासेमारीस बंदी असते. करिबा व टांगानिका ही सरोवरे यातून वगळलेली आहेत. हौशी मासेमारीत पकडलेला मासा जिवंत सोडण्याची प्रथा रुजली आहे. तथापि मासा पाण्याबाहेर फार वेळ राहिला तर सोडल्यावरही दगावू शकतो.

काठावरील रहिवाशांसाठी मासा हे अन्न व उत्पन्न आहे. बारीक विणीच्या जाळ्यांमुळे पिल्लेही पकडली जातात आणि साठा घटतो. परंतु केवळ बंदी घातल्यास गरीब कुटुंबांच्या ताटातील अन्न कमी होते. यावर उपाय म्हणून नामिबियातील सिकुंगा व इम्पालिला या भागांत स्थानिक समुदायांनी राखीव मत्स्यक्षेत्रे निश्चित केली आहेत. तेथे जाळी टाकण्यास मनाई असून राखीव पाण्यात वाढलेले मासे बाहेरील पात्रात पसरावेत, हा त्यामागील हेतू आहे.