नारू गेला, बारवेच्या पायऱ्या तिथेच आहेत

‘नारू’ म्हटले तर आज गावातली तरणी पोरे तोंडाकडे बघतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. पायाला फोड येई, आग होई, आणि फोड फुटला की पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा बाहेर डोकावे. लांबी दोन-तीन फूट! काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढायचा. मध्येच तुटला की पाय सुजून माणूस महिना-दोन महिने खाटेवर. तोही कधी, तर उन्हाळ्यात आणि पेरणीच्या तोंडावर. तिफण धरायला माणूस नाही, अशी गत.

हे दुखणे येई पायऱ्यांच्या बारवेतून. आग थांबावी म्हणून रोगी पाण्यात पाय बुडवी, आणि किडा तिथेच लाखो पिले सोडी. ती पिले पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा बारीक जीव खाई. ते पाणी न गाळता जो पिई, त्याच्या अंगात किडा वाढे आणि साधारण वर्षाने, म्हणजे पुन्हा त्याच हंगामात, बाहेर पडे. आडाचे पाणी पोहऱ्याने शेंदत. त्यात कुणाचा पाय पडत नसे, म्हणून तिथे ही भीती नव्हती.

या रोगावर औषध नाही, लसही नाही. तरी तो गेला! 1983-84 साली राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा देशात सात राज्यांत मिळून चाळीस हजारांच्या आसपास रोगी होते, आपला महाराष्ट्र त्यांतच. बारवांच्या पायऱ्या बंद केल्या, हातपंप बसवले, पाण्यात टेमेफॉस टाकले, घरोघर रोगी शोधले. पण माझ्या मते निम्मे काम घागरीच्या तोंडावरल्या दुहेरी फडक्याने केले, म्हणजे आपल्या आयाबहिणींनी. देशातला शेवटचा रोगी जुलै 1996 मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला, आणि फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला. 2024 साली साऱ्या जगात 15 माणसांना नारू झाला, तेही आफ्रिकेत. तिकडे आता तो कुत्र्यांतही शिरला आहे.

मग हे आज कशाला? सध्या गावोगाव जुन्या बारवा उपसून साफ करणे चालू आहे. काम चांगले आहे. पण टंचाई आली की लोक घागर घेऊन तिथेच उतरतील. 2016 साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे विसरू नका. रोगीच नाही म्हटल्यावर नारू येणार नाही. हगवण, कावीळ मात्र त्याच पायऱ्यांवर बसलेली आहे.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी बारवेचे पाणी जनावरांना व झाडांना राखावे. प्यायला घ्यायचेच असेल तर पंपाने उपसून टाकीत घ्यावे आणि तिथे टीसीएल टाकावे. पावडरीचे पोते मात्र कोरड्या जागी, तोंड बांधून ठेवा. उघडे राहिले की त्यातला क्लोरीन उडून जातो आणि उरतो नुसता चुना.