पाव सेकंदाची ओळख

दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेला, हिंदी महासागराच्या थंडगार टोकाशी क्रोझे नावाचा फ्रेंच बेटांचा पुंजका आहे. त्यातल्या कोशों बेटावर 1982 मध्ये राजा पेंग्विनच्या सुमारे 5 लाख जोड्यांची नोंद झाली. बेट सगळं मिळून 67 चौरस किलोमीटर, आणि ही वसाहत त्याच्या एका भागात. राजा पेंग्विनची जगातली सर्वांत मोठी वसाहत तेव्हा तीच होती. पुढे उपग्रहचित्रांवरून पुन्हा मोजणी झाली तेव्हा आकडा 60 हजार जोड्यांच्या आसपास आला. पस्तीसेक वर्षांत 85 टक्क्यांहून अधिक घट! पण उरलेले 60 हजारसुद्धा आपली मती गुंग करायला पुरेसे आहेत.

कारण राजा पेंग्विन घरटं बांधतच नाही. एका जोडीचं एकच अंडं, तेही पायांवर ठेवून पोटाच्या कातडीच्या घडीखाली उबवायचं. पिल्लू थोडं मोठं झालं की ते इतर पिल्लांच्या घोळक्यात जातं आणि आईबाप समुद्रावर जातात. उन्हाळ्यातही मासे मिळवायला तीनचारशे किलोमीटर दूर जावं लागतं. हिवाळ्यात तर पिल्लू आठवडेच्या आठवडे, कधी काही महिनेसुद्धा उपाशी राहतं. एवढ्या खंडानंतर आई किंवा बाप पोटात मासे घेऊन किनाऱ्यावर चढतो. समोर हजारो पिल्लं, सगळी तपकिरी, लोकरीसारख्या पिसांची, नजरेला हुबेहूब सारखी. भरवायचं मात्र फक्त आपल्याच पिल्लाला. ओळख चुकली तर पिल्लू मेलं.

पंढरपूरच्या आषाढीच्या गर्दीत हरवलेल्या पोराचं निदान नाव-गाव तरी कर्ण्यावरून पुकारता येतं. इथे नाव, गाव, पत्ता सगळं एका हाकेतच आहे.

थिएरी ओबँ आणि पिएर जुव्हाँतँ या फ्रेंच संशोधकांनी क्रोझेवरच ही हाक उलगडून पाहिली. पालकांच्या हाका ध्वनिमुद्रित करायच्या, त्यात एकेक बदल करायचा आणि पिल्लांना ऐकवायच्या, अशी त्यांची रीत. आवाजाच्या लहानमोठेपणातला चढउतार काढून टाकला तरी पिल्लं ओळखत होती. स्वराच्या पट्टीतला चढउतार बिघडवला की मात्र ती ढिम्म हलत नसत. म्हणजे ओळख दडली आहे ती स्वर वर कसा जातो आणि खाली कसा येतो, या वळणात. आणि हाक पूर्ण ऐकायचीही गरज नाही. हाकेतल्या एका तुकड्याचा अर्धा भाग, म्हणजे 0.23 सेकंद, पिल्लाला पुरतो. तेवढ्या वेळात आपल्याला ‘आई’ हा शब्दही धड उच्चारता येत नाही.

याहून थक्क करणारा आकडा गोंगाटाचा आहे. वसाहतीत कलकलाट कधी थांबत नाही, आणि त्यात शेजारचे पालकही अगदी तशाच हाका मारत असतात. संशोधकांनी एका पालकाची हाक इतरांच्या हाकांत मिसळली आणि हळूहळू दाबत नेली. ती भोवतालच्या आवाजापेक्षा 6 डेसिबलने खाली गेली तरी पिल्लाने ओळखली. 6 डेसिबल म्हणजे एक चतुर्थांश ताकद. चार हिस्से गोंगाटात एक हिस्सा आई, आणि तीही पाव सेकंदापुरती.

वाऱ्याचा हिशेबही या पक्ष्यांना जमतो. वारा सेकंदाला 8 मीटरच्या वर गेला की ते अधिक वेळा हाका मारतात आणि प्रत्येक हाकेतले तुकडे वाढवतात. खराब वाटेने निरोप पाठवायचा तर तो पुन्हा पुन्हा पाठवावा, हे क्लॉड शॅनन यांनी 1948 मध्ये गणिताने मांडलं होतं. पेंग्विन ते वादळात उभं राहून करतात.

सम्राट पेंग्विनचं तर याहून अवघड. अंटार्क्टिकाच्या बर्फावर नर सुमारे 65 दिवस अंडं पायांवर घेऊन उभा असतो. परतलेल्या मादीला त्याला शोधायचं असतं, आणि तो कडाक्याच्या थंडीत घोळक्याबरोबर सरकत गेलेला असतो. हे पक्षी एकाच वेळी दोन आवाज काढतात. पक्ष्यांचं स्वरयंत्र श्वासनलिका जिथे दुभंगते तिथे असतं, आणि त्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या कंप पावू शकतात. दोन जवळजवळच्या स्वरांमुळे एक थरथर तयार होते. ती जणू प्रत्येकाची सही, आणि ती दाट गर्दीतूनही पार होते. ध्वनिमुद्रणातून एक आवाज काढून टाकला की ओळख संपते. उलट ॲडेली पेंग्विन खड्यांचं घरटं करतात, ठरल्या जागी परत येतात. त्यांची हाक याहून पुष्कळ साधी. मला यात सगळं सार दिसतं. ज्याला राहायचा पत्ता नाही, त्याला तो गळ्यात वागवावा लागतो.

गिलिमॉट हा उत्तरेकडचा पक्षी कड्याच्या उघड्या कपारीवर अंडं घालतो, तिथे एका चौरस मीटरमध्ये 20 जोड्या दाटीने असतात. त्याची पिल्लं तर अंड्यातच ओळख करून घेतात. स्विस संशोधक बेआट चान्झ यांनी 1960 च्या दशकात उबवण यंत्रातल्या अंड्यांना ठरावीक पक्ष्याची हाक ऐकवली. बाहेर आल्यावर पिल्लं त्याच हाकेकडे वळली. हे शिकणं वाया जात नाही. तीन आठवड्यांचं पिल्लू, अजून उडता येत नसताना, कड्यावरून समुद्रात झेप घेतं, आणि लाटांमध्ये बाप-लेकरू एकमेकांना हाकांवरच सापडतात.

आवाजातून नरमादीही कळते. वेल्सच्या स्कोमर बेटावर 2018 च्या मोजणीनुसार मँक्स शिअरवॉटरच्या सुमारे साडेतीन लाख जोड्या आहेत. हे पक्षी बिळात राहतात आणि कुरव पक्ष्यांच्या धाकाने अंधारातच ये-जा करतात. दिसायला नर-मादी एकसारखे; पण नराच्या हाकेत स्वच्छ सूर असतो, मादीची हाक घोगरी. मग हे लाखो बिळातले जीव मोजायचे कसे? बिळाच्या तोंडाशी नराची हाक वाजवायची. आत नर असला तर तो बहुधा उत्तर देतो, मादी सहसा गप्प राहते. किती उत्तरं चुकतात ते आधी तपासून त्या प्रमाणात आकडा वाढवायचा. साडेतीन लाखांच्या मागे ही अशी एकेका बिळाशी वाकून केलेली मेहनत आहे.

आणि कधी आवाजावरून अख्खी जात वेगळी पडते. अझोर्स बेटांवर मुठीएवढे स्टॉर्म पेट्रेल कपारींत वीण करतात. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यापासून आत समुद्रात दिसणारं विल्सनचं पेट्रेल त्यांचं दूरचं नातलग. अझोर्सवर काही पक्षी उन्हाळ्यात अंडी घालत, काही थंडीत, आणि तेही कधीकधी त्याच बिळांत. एकच जात, असं मानलं जाई. लुईस मोंतेइरो या तिथल्या संशोधकाला शंका होती. 1999 मध्ये विमान अपघातात ते गेले. नंतर एका गटाच्या हाका दुसऱ्या गटाला ऐकवल्या, तेव्हा त्या त्यांना आपल्या वाटल्याच नाहीत. शरीराची मापं, जनुकं आणि हाका, तिन्हींची साक्ष जुळली आणि 2008 मध्ये उन्हाळी पक्ष्यांना मोंतेइरो यांचंच नाव देऊन स्वतंत्र जात ठरवण्यात आलं. त्यांच्या जोड्या जगात काही शेच आहेत.