दातांचा विमा : सही करण्यापूर्वी



उसाचे बिल बँकेत जमा झाले की नारायणगड परिसरात विमा एजंटांच्या मोटारसायकली फिरू लागतात, हे आपणांस ठाऊकच आहे. हल्ली 'दातांसकट विमा' असे सांगून फॉर्म भरून घेतात. मध्यंतरी एक सभासद असाच कागद घेऊन आमच्याकडे आले. दाढेचे रूट कॅनल केले, वर कॅप बसवली, बिल कंपनीकडे धाडले आणि कंपनीने ते नामंजूर केले. "एजंट तर म्हणला होता, दात धरलेत!" कागद वाचला तेव्हा कळले की दात खरेच धरले होते. कोणत्या प्रसंगी, ते मात्र बारीक अक्षरात होते.

आपल्याकडे नुसत्या दातांचा स्वतंत्र विमा सहसा मिळत नाही. आरोग्य विम्याच्या पोटातच दात येतात, आणि तेही बहुधा अपघातात जबडा-दात मोडून दवाखान्यात भरती व्हावे लागले तरच. २०२० साली आलेली 'आरोग्य संजीवनी' पॉलिसी पाहा. आजाराने वा इजेने दातांवर करावे लागलेले उपचार तिच्यात आहेत, पण भरती होऊन घेतलेले. वर मंजूर रकमेतले शेकडा ५ आपल्या खिशातून. आता रूट कॅनलला कोण भरती करून घेतो? खुर्चीत बसायचे, काम झाले की घरी यायचे. कवळीचेही तेच. आपला खरा खर्च होतो तो इथेच.

खुर्चीतल्या कामाचे पैसे हवेत तर 'ओपीडी'ची वेगळी सोय घ्यावी लागते. तिचा हिशेब उसाच्या वजनासारखा स्वतः तपासावा. समजा, त्यासाठी वर्षाला ३,००० रुपये जादा भरायचे, पहिल्या वर्षी दातांना काही नाही, दुसऱ्या वर्षापासून जास्तीत जास्त ५,००० मिळणार. दुसऱ्या वर्षी दाढेचे ८,००० झाले. कंपनीचे ५,००० आले, उरलेले ३,००० आपण दिले, आणि दोन वर्षांचे ६,००० आधीच भरलेले. म्हणजे ८,००० च्या दाढेला ९,००० गेले! घरात चार माणसांची तोंडे खराब असतील तर हिशेब उलटाही पडेल, म्हणून आपापले आकडे घालून पाहावे.

एजंटाला तोंडी विचारू नका, पॉलिसीत कुठे लिहिलंय ते बोट ठेवून दाखवायला सांगा. रूट कॅनल, कॅप, कवळी यांची नावे आहेत का? किती महिने थांबायचे? वर्षाची मर्यादा किती, आणि ती माणशी की कुटुंबाला? आधीपासूनचा आजार लपवू नका. एप्रिल २०२४ पासूनच्या नियमाने त्यासाठी ३ वर्षांपेक्षा जास्त थांबवता येत नाही, पण लपवल्याचे उघडकीस आले तर दावाच बुडतो. कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते, ही सवलत फार थोड्यांना माहीत आहे. दावा विनाकारण नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात दाद लागली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जावे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

आमचे मत विचाराल तर नुसत्या दातांसाठी विमा घेऊ नये. मोठ्या आजारासाठी जरूर घ्यावा. दातांसाठी उसाच्या बिलातून थोडी रक्कम बाजूला टाकावी आणि कीड लहान असतानाच दाखवावे. सिमेंट भरून भागणारी दाढ आपण 'हंगाम संपू द्या' म्हणत ठेवतो आणि मग मुळापर्यंत जाते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले आहेत, तेव्हा आधी बीडच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. मोठे काम निघाले तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. खेप पडते खरी, पण खासगीपेक्षा खर्च बराच कमी.

तंबाखू-मशेरीवाल्यांनी एक पाहावे. तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणे, यांपैकी काही असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. तोंडाच्या कर्करोगाचा उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे. रेशनकार्ड व आधार सोबत न्यावे. रूट कॅनल-कवळी मात्र या योजनेत धरून चालू नये.

पॉलिसीचा मजकूर समजत नसेल तर सही करण्याआधी कागद गट ऑफिसात आणावा, किंवा चिटबॉयकडे झेरॉक्स द्यावी. आम्ही वाचून सांगू.