लोखंडी वजनप्लेट

लोखंडी वजनप्लेट (व्यायामशाळेतील बोलीत नुसतेच ‘प्लेट’ किंवा ‘थाळी’) ही मध्यभागी गोल छिद्र असलेली, ओतीव लोखंडाची जड चकती होय. बारच्या दोन्ही टोकांना सारख्या वजनाच्या प्लेट अडकवून उचलावयाचा भार हवा तसा वाढवता किंवा कमी करता येतो. भारोत्तोलन, पॉवरलिफ्टिंग, शरीरसौष्ठव आणि सर्वसाधारण व्यायाम या सर्वांत तिचा उपयोग होतो. प्लेटवर उठावाच्या अक्षरांत कोरलेला आकडा आणि तिचे खरे वजन एकच असते, असे बहुतेक व्यायामपटू गृहीत धरतात. प्रत्यक्षात साध्या ओतीव प्लेटांच्या बाबतीत हे गृहीतक पुष्कळदा चुकीचे ठरते. त्यामुळे चांगली प्लेट कशी ओळखावी, हा प्रश्न पैशाचा आहे, तितकाच सुरक्षिततेचाही आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील तालमींना जड वस्तू उचलण्याचा व्यायाम नवा नाही. दगडी नाल, गदा, मुद्गलांची जोडी ही साधने पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून प्रसिद्ध केलेल्या ‘व्यायामज्ञानकोशा’च्या खंडांत देशी व्यायामाचा विस्तृत परामर्श घेतलेला आहे. मात्र नालेचे वजन ठरलेले असे. आज एक नाल उचलणाऱ्याला उद्या थोडे अधिक वजन हवे असेल, तर दुसरी नालच शोधावी लागे. प्लेट लावण्याच्या बारने ही अडचण दूर केली. अर्धा-एक किलोने भार वाढवत नेण्याची सोय झाली आणि त्याबरोबरच आकड्यावर विसंबण्याची सवयही लागली.

पुण्याच्या नैर्ऋत्येला मुठा नदीवर १८७९ साली पूर्ण झालेल्या धरणामुळे प्रसिद्ध असलेले खडकवासला हे गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी येथेच असून तिचे उद्घाटन १६ जानेवारी १९५५ रोजी झाले. सैन्य व पोलीस भरतीचे स्वप्न पाहणारी मुले-मुली जेथे जेथे आहेत, तेथे पत्र्याच्या शेडमधल्या, गच्चीवरच्या, तळघरातल्या लहान व्यायामशाळाही असतात. खडकवासला व सिंहगड रस्त्याचा परिसर त्याला अपवाद नाही. अशा ठिकाणचे साहित्य प्रायः किलोच्या भावाने विकत घेतलेले असते. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांसाठी ७.२६० किलोचा व महिलांसाठी ४ किलोचा गोळा असतो. सरावाचा गोळा वजनाने हलका निघाला, तर उमेदवाराला आपली खरी फेक परीक्षेच्या दिवशीच कळते. प्लेटची गोष्ट याहून वेगळी नाही.

ओतकाम आणि वजनातील तफावत

बहुतेक प्लेट करड्या ओतीव लोखंडाच्या असतात. या लोखंडात साधारणतः तीन ते चार टक्के कार्बन असून तो बराचसा ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. हे लोखंड स्वस्त असते, कमी तापमानाला वितळते व साच्यात सहज पसरते; परंतु ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळेच ते ठिसूळ असते. दाब ते उत्तम सोसते, ताण मात्र त्या मानाने फारच कमी. त्याची घनता सुमारे ७.२ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, म्हणजे पोलादापेक्षा (सुमारे ७.८५) थोडी कमी असते.

महाराष्ट्रात ओतकामाची परंपरा भक्कम आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडीची स्थापना करून लोखंडी नांगर ओतण्यास आरंभ केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पुढे उसाचे चरक व तेलइंजिने यांच्या आधाराने कोल्हापूरचे फाउंड्रीक्षेत्र वाढले. शिवाजी उद्यमनगर, शिरोली व गोकुळ शिरगाव ही नावे या धंद्यात सर्वपरिचित आहेत. यंत्रांच्या सुट्या भागांना जी मापाची शिस्त लागते, ती प्लेट ओतताना पाळली जातेच असे नाही, एवढाच काय तो फरक. भारतातील क्रीडासाहित्याची मोठी केंद्रे मेरठ व जालंधर येथे आहेत आणि दुकानांत दिसणारा पुष्कळसा माल तिकडूनही येतो.

वाळूच्या साच्यात लोखंडाचा रस ओतला जातो तेव्हा वजन नेमके कोठे बिघडते, हे साध्या गणिताने समजते. ४५० मिलिमीटर व्यासाची व मध्ये ५० मिलिमीटरचे छिद्र असलेली चकती घेतली, तर तिच्या एका पृष्ठाचे क्षेत्रफळ सुमारे १,५७० चौरस सेंटिमीटर भरते. तिचे वजन २० किलो व्हायचे असेल तर सरासरी जाडी १७.७ मिलिमीटर हवी. आता ही जाडी केवळ १ मिलिमीटरने वाढली, तर १५७ घनसेंटिमीटर लोखंड जास्त लागते. त्याचे वजन सुमारे १ किलो १३० ग्रॅम होते, म्हणजेच साडेपाच टक्क्यांहून अधिक. एक मिलिमीटर ही वाळूच्या साच्यात सहज होणारी चूक आहे. रसाच्या दाबाने वरची पेटी किंचित उचलली गेली की प्लेट जाड होते. लाकडी पॅटर्न झिजला की ती पातळ होते. थंड होताना करडे लोखंड लांबीत सुमारे एक टक्का आकसते. पॅटर्न करणाऱ्याने ही सूट धरली नाही, तर घनफळात, म्हणजेच वजनात, सुमारे तीन टक्क्यांची घट येते.

म्हणूनच नेमक्या वजनाची प्लेट नुसती ओतून मिळत नाही. ती थोडी जड ओतून लेथवर घासावी लागते, अथवा तिच्या पाठीमागे ठेवलेल्या भोकांत वजन घालून किंवा काढून आकड्याला आणावी लागते. लेथवर घासलेल्या पृष्ठावर एककेंद्री बारीक रेषा दिसतात. पाठीमागील भोकांत बसवलेली बुचे दिसतात. या खुणा दिसल्या की निदान कोणीतरी ही प्लेट काट्यावर ठेवली होती, एवढा भरवसा धरता येतो. रंग कितीही चकचकीत असला तरी तो अशी ग्वाही देत नाही. उलट रंगाचे स्वतःचे वजन अगदी थोडे असते: वर उल्लेखलेल्या प्लेटवर दशांश मिलिमीटर जाडीचा थर दोन्ही बाजूंनी दिला तरी तो सुमारे ४० ग्रॅमच भरतो. वजनातील किलोभराचा फरक ‘रंगामुळे’ पडला, हे विक्रेत्याचे स्पष्टीकरण स्वीकारण्याजोगे नाही.

दोन बाजूंमधील फरक

एकूण वजन थोडे कमी-अधिक असण्यापेक्षा डाव्या व उजव्या बाजूंत फरक असणे अधिक अपायकारक आहे. समजा, वीस किलोची म्हणून घेतलेली एक प्लेट १९.४ किलोची आणि दुसरी २०.६ किलोची आहे. बेरीज ४० किलोच होते, त्यामुळे काही बिघडले नाही असे वाटते. परंतु बारच्या मध्यापासून प्लेट सुमारे ७० सेंटिमीटरवर आणि बेंच प्रेसमध्ये हात सुमारे ४० सेंटिमीटरवर असतात. तरफेच्या नियमानुसार १.२ किलोचा हा फरक हातांवर २.१ किलोचा होऊन येतो. एका दिवशी ते जाणवतही नाही. मात्र त्याच दोन प्लेट रोज त्याच बाजूंना लावून महिनोन्‌महिने सराव केला, तर एक खांदा सतत अधिक ओझे वाहत राहतो. ज्याला आपला एक हात ‘कमजोर’ आहे असे वाटते, त्याने आधी प्लेट तोलून पाहाव्यात.

छिद्र

घरगुती बारीक बारसाठीच्या प्लेटांचे छिद्र साधारणतः २५ ते ३० मिलिमीटरचे, तर ऑलिंपिक बारसाठीचे ५० मिलिमीटरहून किंचित मोठे असते. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमानुसार ते ५२ मिलिमीटरपेक्षा लहान आणि ५३ मिलिमीटरपेक्षा मोठे असू नये. छिद्र याहून सैल असल्यास प्लेट तिरकी राहते, उचलताना खडखडते आणि कॉलर ढिली करते. अगदी घट्ट असल्यास घाईत निघत नाही. मग ती हातोडीने ठोकली जाते आणि छिद्राच्या काठाला तडा जातो.

छिद्र मध्यभागी असणेही तितकेच महत्त्वाचे. ओतताना छिद्रासाठी ठेवलेला वाळूचा कोअर सरकला, तर प्लेटची एक बाजू जड होते. प्लेट आडव्या बारवर सैल अडकवून फिरवावी, थांबल्यावर खाली आलेल्या बिंदूवर खडूने खूण करावी आणि हे तीन-चार वेळा करावे. दर वेळी खूणच खाली येऊन थांबली तर छिद्र सरकलेले आहे, असे समजावे.

खरेदीपूर्वीची पारख

सर्वांत खात्रीची परीक्षा वजनकाट्याची. खरेदीच्या वेळी दुकानातीलच इलेक्ट्रॉनिक काट्यावर प्रत्येक प्लेट स्वतंत्र ठेवावी व वजन खडूने पाठीवर लिहावे. त्यानंतर आकड्याच्या जवळच्या नव्हे, तर एकमेकींच्या जवळच्या प्लेटांच्या जोड्या लावाव्यात. शंभर ग्रॅम कमी असलेल्या दोन प्लेट एकत्र चालतात. एक शंभर ग्रॅम कमी व दुसरी तीनशे ग्रॅम जास्त, अशी जोडी टाळावी. प्लेट किलोच्या भावाने विकली जात असेल तर पैसे कोरलेल्या आकड्याचे न देता काट्यावरील वजनाचे द्यावेत, हे ओघाने आलेच.

त्यानंतर आवाज. बाजारात मडके घेताना ते बोटाने वाजवून पाहतात, तसेच येथे करावे. प्लेट छिद्रात दोरी घालून टांगावी व लहान हातोडीने हलकेच ठोकावी. करड्या लोखंडाचा नाद पोलादासारखा दीर्घ घुमत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे, कारण ग्रॅफाइट कंपने शोषून घेते. त्यामुळे एकट्या प्लेटच्या आवाजावरून निर्णय करू नये. एकाच घडणीच्या चार प्लेट ठोकून त्यांतली एखादी फुटक्या भांड्यासारखी वाजली, तर तिच्यात तडा असण्याचा संभव असतो.

नजरेची पारख शेवटी येते, पण ती दुर्लक्षिण्यासारखी नाही. रसात वायू अडकल्यामुळे पडलेल्या पोकळ्या काही वेळा पुट्टीने भरून वर रंग दिला जातो. अशा जागी नख किंवा किल्ली दाबली असता पृष्ठ मऊ लागते. कडेवर साच्याच्या दोन पेट्यांच्या सांध्याची धारदार रेष राहिली असल्यास हात कापतो. हाताने धरण्यासाठी खाचा असलेली प्लेट उचलायला सोयीची असते. पण त्या खाचांचे कोपरे गोलसर हवेत, कारण ठिसूळ लोखंडात तडा नेहमी टोकदार कोपऱ्यातून सुरू होतो. प्लेट सपाट फरशीवर ठेवून दाबली असता डुगडुगत असेल तर ती वाकडी आहे.

प्लास्टिकच्या कवचात सिमेंट किंवा वाळूचे मिश्रण भरलेल्या प्लेट स्वस्त मिळतात. त्याच वजनाला त्या बऱ्याच जाड असल्यामुळे बारवर कमी मावतात आणि कवच फुटले की वजन गळू लागते. नवशिक्याच्या घरगुती व्यायामाला त्या चालतील. व्यायामशाळेने त्या घेऊ नयेत.

स्पर्धेतील मानके

आंतरराष्ट्रीय भारोत्तोलनात पुरुषांचा बार २० किलोचा व महिलांचा १५ किलोचा असतो. तबकड्यांचे रंगही ठरलेले आहेत: २५ किलो तांबडी, २० निळी, १५ पिवळी, १० हिरवी. मोठ्या तबकड्यांचा व्यास ४५० मिलिमीटर असतो. त्या रबराच्या असतात, कारण भारोत्तोलक बार डोक्यावरून खाली सोडतो. पाच किलोहून जड साहित्याच्या वजनात ०.१ टक्का जास्त किंवा ०.०५ टक्का कमी एवढीच सूट आहे. म्हणजे २५ किलोची तबकडी २५ ग्रॅमहून अधिक जड किंवा साडेबारा ग्रॅमहून अधिक हलकी चालत नाही. पॉवरलिफ्टिंगमधील मर्यादा ०.२५ टक्का किंवा १० ग्रॅम अशी आहे.

ही काटेकोर शिस्त कशासाठी, याचे उत्तर सांगलीच्या संकेत सरगर यांच्या कामगिरीत सापडते. ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्यांनी स्नॅचमध्ये ११३ व क्लीन अँड जर्कमध्ये १३५ असे एकूण २४८ किलो उचलले. अखेरच्या प्रयत्नांत कोपराला दुखापत होऊन त्यांना रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. सुवर्णपदक विजेत्या मलेशियाच्या खेळाडूचे एकूण वजन होते २४९ किलो. सरावातल्या साध्या प्लेटांच्या एका जोडीत याहून मोठी चूक सहज लपलेली असू शकते.

कायदेशीर बाजू

किराणा दुकानातील लोखंडी वजनाच्या छिद्रात शिसे भरून त्यावर वैधमापन विभागाची मुद्रा ठोकलेली असते व त्याची ठरावीक मुदतीने फेरतपासणी होते. व्यायामाची प्लेट हे मापनाचे साधन नसल्यामुळे तिच्यावर अशी मुद्रा नसते. दोन्ही वस्तू लोखंडाच्याच व दोहोंवर किलोचा आकडा असला, तरी एकीचा आकडा तपासलेला असतो व दुसरीचा केवळ ओतलेला. प्लेट वजनावर विकताना वजन कमी भरल्यास मात्र ग्राहकाला वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते.

निगा

खडकवासल्यासारख्या पाणथळ, भरपूर पावसाच्या परिसरात उघड्या शेडमधील प्लेट एका पावसाळ्यात गंजतात. गंज पापुद्र्यांनी सुटतो, रंग उचलतो आणि छिद्राच्या काठावर साचून प्लेट अडकवतो. तारेच्या ब्रशने गंज खरवडून, रेड ऑक्साइड प्रायमर व त्यावर ऑइल पेंट दिल्यास प्लेट वर्षानुवर्षे टिकते. छिद्राच्या आत मात्र रंगाऐवजी मशीन ऑइलचा हात फिरवावा. प्लेट ओल्या फरशीवर न ठेवता स्टँडवर ठेवाव्यात. ओतीव लोखंडाची प्लेट शहाबादी किंवा काँक्रीटवर कधीही टाकू नये. खाली जाड रबरी मॅट हवी. तडा गेलेली प्लेट वेल्डिंग करून पुन्हा वापरात आणण्याचा प्रघात धोक्याचा आहे, कारण करडे लोखंड तापवून एकदम थंड झाले की सांध्याजवळ अधिकच ठिसूळ बनते. अशी प्लेट भंगारात द्यावी. तेथेही ती वजनावरच घेतली जाते.