मेनूत हरवलेली कासवं

बॉस, एक कबुली आधीच देऊन टाकते. वेबसाइटच्या मेनूवर जीव टाकणाऱ्यांपैकी मी आहे. माऊस नेला की यादी अलगद खाली उतरते, कडा किंचित गोल, खाली हलकीशी सावली, अक्षरं करड्याची निळी होतात... तुम्ही रोज दहा साइट्सवर हे बघता आणि पुढे जाता. आम्ही डिझायनर मंडळी मात्र त्या एका सावलीवर अख्खी दुपार घालवतो. त्यामुळे २०१८च्या दिवाळीत वेळासचा मामा म्हणाला, "अगो, आपल्या खोल्यांचं काहीतरी इंटरनेटवर टाक," तेव्हा मी उडीच मारली. क्लायंट म्हणजे सख्खा मामा! 'लोगो जरा मोठा करा' म्हणणारं कुणी नाही.

वेळास म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्याचं समुद्राकडचं टोक. नाना फडणवीसांच्या भानू घराण्याचं गाव, शेजारी बाणकोटचा किल्ला. पण आज गावाचं नाव काढलं की लोकांना आठवतात कासवं. २००२पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'ने गावकऱ्यांना बरोबर घेऊन इथली ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६मध्ये कासव महोत्सव सुरू झाला. किनाऱ्यावरची अंडी कुंपण घातलेल्या हॅचरीत हलवतात. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वाळूतून वर येतात. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघायचं. पिल्लं असली तर ती समुद्राकडे निघतात आणि आपण श्वास रोखून उभे राहतो. नसली तर नाही. कासवाला कुणी मीटिंग रिक्वेस्ट पाठवलेली नसते!

म्हणजे मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पाहुण्याचा खरा प्रश्न एकच. पिल्लं कधी? मामाच्या दोन खोल्या आणि मामीचे उकडीचे मोदक यांचा सगळा धंदा त्या थोड्या आठवड्यांवर चालतो. खोल्यांना आतून बाथरूम हवं म्हणून मामीने पतपेढीचं कर्जही काढलं होतं. हे मला ठाऊक होतं. तरी मी काय केलं?

वर पाच शब्द ठेवले. होम, आमच्याविषयी, वेळास, राहण्याची सोय, संपर्क. 'वेळास'वर माऊस नेला की खाली यादी: गाव, किल्ला, कासवं, कसं यायचं. 'कासवं'वर नेला की बाजूला आणखी एक यादी आणि तिच्यात तिसऱ्या नंबरावर 'संभाव्य तारखा'. दिसायला एकदम झकास. ऑफिसातल्या मोठ्या मॉनिटरवर सगळ्यांना दाखवलं. टाळ्या मिळाल्या.

२०१९च्या मार्चमध्ये ठाण्याचं एक कुटुंब साइटवरचा फॉर्म भरून दोन रात्रींसाठी आलं. बरोबर आजी आणि पाच-सहा वर्षांची मुलगी. नेमक्या त्या दोन दिवसांत कुठलंच घरटं फुटायचं नव्हतं, मामाने दिलेल्या तारखांत तसं दिसतही होतं. संध्याकाळी टोपली उचलली, रिकामी. सकाळी पुन्हा रिकामी. मुलगी वाळूत बसून रडली. आजी मामाला म्हणाल्या, "आधी सांगायचं होतंत ना." मामा म्हणाला, "साइटवर लिहिलंय की!" मग त्यांच्या मोबाइलवर शोधलं, मामाच्या मोबाइलवर शोधलं. दोघांनाही ते पान सापडेना. मामाने एका रात्रीचे पैसे परत केले आणि मला फोन लावला. "अगो, तू तारखा लपवून का ठेवल्यास?"

मी लपवल्या नव्हत्या हो. मी त्या 'होवर'खाली ठेवल्या होत्या. माऊसचा बाण एखाद्या शब्दावर नुसता तरंगला, क्लिक न करता, की जे घडतं ते होवर. आमच्या पिढीचे डिझायनर त्यावरच वाढले. मी २००६मध्ये दादरच्या एका क्लासात शिकत होते, तेव्हा 'सकरफिश' नावाच्या मेनूची हवा होती. पॅट्रिक ग्रिफिथ्स आणि डॅन वेब यांनी २००३च्या नोव्हेंबरमध्ये 'अ लिस्ट अपार्ट'मध्ये तो मांडला. साधी यादी, बाकी सगळी जादू सीएसएसची, म्हणजे पानाला कपडे चढवणाऱ्या भाषेची. इंटरनेट एक्सप्लोरर ६ला होवर फक्त लिंकवरच कळायचा, म्हणून त्याच्यासाठी जावास्क्रिप्टच्या थोड्याशा ओळी जोडायच्या. तो मेनू पहिल्यांदा उघडला, तेव्हा मी सरांना पेढे दिले होते! खरंच.

पण २००७मध्ये आयफोन आला आणि पुढे सगळं जग बोटावर आलं. बोट तरंगत नाही. ते एकतर काचेवर असतं, नाहीतर नसतं. मामाच्या अँड्रॉइडवर 'वेळास'ला बोट लावलं की यादी क्षणभर चमकायची आणि थेट गावाच्या फोटोंचं पान उघडायचं. आत आणखी एक यादी आहे, हे कुणाला कळणार?

लाज वाटली. शुक्रवारी रात्रीची एसटी धरली. सकाळी मंडणगडला उतरले, तर वेळासच्या गाडीला अवकाश होता. स्टँडवर चहा घेतला आणि मोबाइलवर मामाची साइट उघडली. कोकणातलं मार्चचं ऊन! ज्या फिक्या करड्या अक्षरांवर मी फिदा होते, ती दिसेनातच. डोळे चोळत वर बघितलं, तर समोर एक गाडी लागलेली. पाटीवर मोठ्या अक्षरांत शेवटचं गाव आणि त्याखाली 'मार्गे' म्हणून वाटेतली गावं. शेजारच्या आजींनी हातातली पिशवी सावरत पाटी वाचली, 'मार्गे'च्या ओळीत त्यांचं गाव होतं, त्या चढल्या. मेनू, सबमेनू, सगळं उघडंच. मी तिथेच वही काढली.

पहिलं काम, तारखा वर. 'वेळास'च्या पोटातून काढून थेट पहिल्या ओळीत, 'पिल्लं कधी?' अशा शब्दांत. मामी फोनवर लोक जसं विचारतात तसंच लिही म्हणाली. 'संभाव्य तारखा' हे काय सरकारी जाहीर निवेदन आहे?

दुसरं, बाजूला उघडणारी यादी कायमची बंद. त्यात अजून एक खोच असते, ती माऊसवाल्यांनाही छळते. आपण शब्दावरून यादीकडे तिरके जातो आणि वाटेत बाण शेजारच्या शब्दाला लागला की यादी गायब. शब्द आणि यादी यांच्यात नुसती चार पिक्सेलची फट असली तरी तेच. फट हवीच असेल, तर ती मार्जिनने न ठेवता पॅडिंगने भरायची आणि यादी मिटायला पाव सेकंद उशीर लावायचा. एवढ्याने अर्धी चिडचिड जाते.

तिसरं, उरलेली यादी उघडते ती टिचकीवर. शब्दाशेजारी छोटा बाण, त्याला बोट लावलं की उघडणार, पुन्हा लावलं की मिटणार. होवर ठेवला तो फक्त ज्याच्याकडे खरोखर माऊस आहे त्याच्यासाठी, सीएसएसला तसं विचारता येतं. बोटाच्या मापाचंही गणित आहे. ॲपल ४४ पॉइंट म्हणतं, गूगल ४८. माझ्या ओळी होत्या २८च्या. भाकरी थापून थापून रुंद झालेल्या मामीच्या अंगठ्याखाली एका वेळी दोन ओळी यायच्या.

आणि मग आपली मराठी! सगळ्यात जास्त वेळ तिनेच खाल्ला. मी आख्खं डिझाइन इंग्रजी नमुना मजकूर टाकून केलं होतं आणि शेवटी मराठी भरली होती. ओळीची उंची इंग्रजीच्या बेताची, त्यामुळे 'पिल्लं'चा अनुस्वार कापला जायचा आणि 'किल्ला'ची वेलांटी वरच्या रेघेत घुसायची. यादीची रुंदी ठरवून टाकलेली, म्हणून 'राहण्याची सोय' दोन ओळींत मोडायचं. सगळ्यात भयंकर म्हणजे अक्षरांमधलं अंतर. इंग्रजी कॅपिटल्सना थोडं अंतर दिलं की पॉश दिसतं. देवनागरीत तेच केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. अंतर शून्यावर आणलं, ओळीची उंची अक्षराच्या पावणेदोनपट केली, रुंदी मजकुराप्रमाणे मोकळी सोडली. फॉन्ट घेतला 'मुक्त', मुंबईच्या 'एक टाइप'चा, फुकट मिळतो आणि बारीक आकारातही स्वच्छ वाचता येतो. करडा रंग गेला, गडद आला. सावली ठेवली. तेवढा हट्ट माझा.

हे सगळं मामाच्या ओटीवर, रेंज येईल त्या खांबाला टेकून, दोन दिवसांत केलं. मामी मध्येमध्ये येऊन अंगठा लावून बघायची आणि न बोलता आत जायची. रविवारी दुपारी म्हणाली, "आता लागतंय." आमच्या ऑफिसात याला युझर टेस्टिंग म्हणतात आणि त्यासाठी वेगळं बजेट असतं.

ठाण्याच्या आजींना मामाने पुढच्या मोसमात स्वतः फोन केला. तारीख बघूनच या, म्हणाला. २०२०च्या फेब्रुवारीत ते आले आणि सकाळच्या टोपलीखाली पिल्लं होती. मुलीने किती मोजली ते मामाने मला फोनवर दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा आकडा वेगळा.

मोसमात 'पिल्लं कधी?'चं पान आता मामा स्वतः बदलतो, रोज संध्याकाळी किनाऱ्यावरून आला की. परवा त्याचा फोन होता. मेनूत 'आंबे' हवंय. "आणि अगो, त्याच्या खाली हापूस, पायरी, रायवळ, अशी यादी उघडली पाहिजे हां. सावलीसकट."